‘भित्रा स्वीडिश’ म्हणून हिणवलेला बोर्ये

बर्फ म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे येते ती मासळी बाजारात भुशाखाली झाकलेली लादी, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्यावर खरखर किसला जाणारा तुकडा. याच बर्फावर माणसे धावतात, एकमेकांना धडका देतात, रक्त सांडतात आणि त्यावर संसार चालवतात, हे आम्हांला फार उशिरा कळले. आपल्या देशात लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मुले-मुली आईस हॉकी खेळतात. पण या खेळावर पोट भरणारे व्यावसायिक खेळाडू बहुतेक युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखातले. अशाच एका खेळाडूची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो स्वीडनचा. नाव बोर्ये साल्मिंग. खाणीत मेलेल्या कामगाराचा मुलगा. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो परमुलखात खेळायला गेला, तेव्हा त्याच्या कपाळावर ‘भित्रा’ हा शिक्का आधीच तयार होता. तो त्याचा खेळ पाहून मारलेला नव्हता. जन्माचा देश पाहून मारलेला होता.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, म्हणजे घरातल्या मुलांनाही पुढचे कळेल. आपली हॉकी अकरा-अकरा जणांची, ही सहा-सहा जणांची. एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. पायांत पोलादी पाते लावलेले बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड. दणकून मारलेला पक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येतो. खेळ २० मिनिटांच्या तीन डावांचा. पण दमछाक इतकी की एक खेळाडू सलग पाऊण-एक मिनिट खेळला की बाकावर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. अंगाने धडक देणे नियमात बसते. अमेरिका-कॅनडात तर हातमोजे फेकून सरळ ठोसेबाजी करण्याचीही जुनी चाल आहे. आमच्या कचेरीत कोणी हात उगारला तर निलंबनाचा कागद हातात पडेल. तेथे पंच पाच मिनिटे बाकावर बसवतो, आणि गडी पुन्हा कामावर हजर!

बचावपटूचे काम यात सर्वांत कष्टाचे. समोरून प्रतिस्पर्धी चाल करून येत असतो आणि बचावपटूला त्याच्याकडे तोंड करून, त्याच्याच वेगाने उलटे सरकावे लागते. पक कोपऱ्यात गेला की भिंतीवर चिरडून घेत तो काढावा लागतो. गोलावर फटका आला तर प्रसंगी अंग आडवे टाकावे लागते. गोल मारणाऱ्याचे नाव होते. ज्याच्यामुळे गोल झाला नाही, त्याचे नाव कोण घेतो?

बोर्येचा जन्म १७ एप्रिल १९५१चा, स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला, किरुना या खाणीच्या शहराच्या परिसरातला. गावाचे नाव साल्मी. त्यावरूनच घराण्याचे साल्मिंग हे आडनाव पडले, जसे आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावतात. येथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. शहर उभे राहिले तेच मुळी लोखंडाच्या खनिजासाठी, १९००च्या सुमारास. जमिनीखालून खनिज काढायचे आणि आगगाडीने शेजारच्या नॉर्वेतील बंदरावर पाठवायचे. खाण इतकी खोल आणि रुंद पसरली आहे की आता शहराखालची जमीनच खचू लागली. म्हणून आख्खे शहर काही किलोमीटर सरकवण्याचे काम चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये तेथले लाकडी चर्च जसेच्या तसे गाड्यांवर चढवून नव्या जागी नेले, ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल.

या खाणीत बोर्येचे वडील एर्लंड कामाला होते. बोर्ये पाच वर्षांचा असताना खाणीतल्या अपघातात ते गेले. मागे आई कारिन आणि मुले. खाणीत, गिरणीत, गटारात, बांधकामावर घरातला कर्ता पुरुष गेला म्हणजे त्या घराचे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

एर्लंड हे सामी वंशाचे. सामी म्हणजे स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तर भागातले मूळ रहिवासी. रेनडिअर पाळणारे, मासेमारी करणारे. त्यांच्याशी स्वीडनने कसे वागावे? १९१३ पासून रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. हेतू त्यांना पुढे आणण्याचा नव्हता. त्यांनी आपल्या जागीच राहावे, फार शिकू नये, हा होता. १९२२ साली उप्साला येथे सरकारने वंशशास्त्राची संस्था स्थापन केली. तिच्या लोकांनी उत्तरेत फिरून सामी माणसांची डोकी मोजली, त्यांचे फोटो काढले आणि कोण श्रेष्ठ, कोण कनिष्ठ याचे तक्ते मांडले. सरकारने सामींची माफी मागायला १९९८ साल उजाडले, चर्चने मागायला २०२१. ‘सुधारलेल्या’ म्हणून ज्या देशाचे दाखले आपल्याला दिले जातात, त्याची ही बाजू आपण ठाऊक करून घेतलेली बरी. बोर्येने मात्र आपले सामी मूळ लपवले नाही.

थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, तोही बचावपटू. त्याच्या मागोमाग बोर्ये बर्फावर उतरला. किरुनात बर्फाला तोटा नव्हता. दोघेही भाऊ पुढे ब्रिनेस या नामांकित क्लबात गेले. ब्रिनेस हा येव्ले शहरातला कामगारांचा भाग, किरुनाहून दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटर. बोर्ये तेथे गेला ते साल १९७०. त्याच हिवाळ्यात किरुनातल्या खाणकामगारांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून आठ आठवडे संप केला होता. चार-पाच हजार माणसे कामाबाहेर. तो संप स्वीडनमध्ये आजही सांगितला जातो. अठरा-एकोणीस वर्षांचा बोर्ये असा काळ मागे टाकून दक्षिणेस आला. ब्रिनेसने १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्या संघांत तो होता. राष्ट्रीय संघात आला, जागतिक स्पर्धेत १९७२ला कांस्य आणि १९७३ला रौप्यपदक घेतले.

आता कॅनडाकडे वळू. तेथल्या टोरांटो मेपल लीफ्स या संघाचा जेरी मॅकनमारा नावाचा माणूस नवे खेळाडू हेरायला स्वीडनला गेला. गेला होता एका गोलरक्षकाला पाहायला. नजरेत भरले ते ब्रिनेसचे दोघे जण, बचावपटू बोर्ये साल्मिंग आणि आक्रमक इंगे हामरस्ट्रॉम. १९७३मध्ये दोघांशी करार झाला.

यात मालकांना परदेशी खेळाडूंचा कळवळा आला असे कोणी समजू नये. कारण रोकडे होते. १९७२ साली अमेरिका-कॅनडात दुसरी एक व्यावसायिक लीग सुरू झाली होती. तिने जास्त पगार देऊन जुन्या संघांचे खेळाडू पळवले. टोरांटोचेही गेले. माणसे कमी पडली तेव्हा दार उघडले. तोवर युरोपातल्या खेळाडूला त्या बड्या लीगमध्ये जागाच नव्हती. १९६५ साली उल्फ स्टेर्नर हा स्वीडनचा पहिला खेळाडू न्यूयॉर्ककडून खेळला, तो अवघे चार सामने. त्यानंतर १९७२मध्ये थॉमी बेरीमान डेट्रॉइटला गेला. त्यामागून हे दोघे.

आणि कॅनडाच्या खेळाडूंना काय वाटले? हे आपल्या पोटावर पाय द्यायला आले, असे वाटले. हा राग आम्हांला अनोळखी नाही. कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर बाहेरचा कामगार आला की हेच ऐकू येते. त्यातून मग ‘स्वीडिश म्हणजे कोंबडीच्या काळजाचे’ हा हाकाटा सुरू झाला. नाजूक खेळतात, मार सोसत नाहीत, धक्का दिला की पळतात. एका आख्ख्या देशाच्या माणसांचा स्वभाव ठरवून टाकला! त्या देशाच्या उत्तरेला खाणीत उतरणारी माणसे राहतात, हे त्यांच्या गावीही नव्हते.

१० ऑक्टोबर १९७३. बोर्येचा पहिला सामना, बफेलोविरुद्ध. टोरांटोने ७–४ असा जिंकला आणि त्या दिवसाचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून या नवख्या पोराचेच नाव पुकारले गेले. एवढ्यावर भागले असते तर बरे. दुसराच सामना फिलाडेल्फियाशी होता. त्या काळी हा संघ मारामारीसाठी कुप्रसिद्ध होता, आणि त्याच जोरावर त्याने १९७४ व १९७५ असा दोनदा स्टॅनले कपही जिंकला. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ हा गडी ठोसेबाजीत अव्वल. तो बोर्येवर धावून गेला. स्वीडनमध्ये मुठी आवळण्याची ही रीत बोर्येला ठाऊक नव्हती. तरी तो पळाला नाही. समोर उभा राहिला, मार खाल्ला, दिला आणि पुढच्या पाळीला पुन्हा खेळायला उतरला.

हे एकदा घडले असते तर किस्सा म्हणून सांगता आले असते. पण मैदानामागून मैदान, शहरामागून शहर हेच चालले. काठीचे टोक बरगडीत खुपसायचे, पायांवर काठी मारायची, भिंतीवर चेपायचे आणि वर तोंडाने ‘कोंबडी’ म्हणायचे. बोर्येने त्यावर शोधलेला उपाय साधा होता. पक घेऊन तो अशा वेगाने निघे की मारायला येणाऱ्याला तो सापडू नये. आणि स्वतःच्या गोलासमोर आला की कडक पकच्या आड खुशाल आडवा होई. ज्याला भित्रा म्हणत होते तो गोळीसारख्या चकतीपुढे अंग टाकतो, हे पाहिल्यावर बोलणाऱ्यांची जीभ आपोआप जड होऊ लागली. पहिल्या हंगामात ७६ सामने, ५ गोल आणि ३४ गोलांना साहाय्य. बचावपटूसाठी हे आकडे चांगलेच.

पण आम्हांला येथे त्याच्या जोडीदाराबद्दलही दोन शब्द लिहायचे आहेत. इंगे हामरस्ट्रॉम हा गोल मारणारा, चपळ, सरळ मनाचा खेळाडू. त्याला मारामारी करायची नव्हती आणि त्याने ती केली नाही. मग त्याच्याच संघाचा मालक हॅरॉल्ड बॅलार्ड याने जाहीरपणे त्याची टिंगल केली. खिशात सहा अंडी ठेवून हा कोपऱ्यात शिरला तरी एकही फुटणार नाही, अशा अर्थाची. पगार देणाऱ्यानेच चारचौघांत असे बोलावे? आमच्या मते हामरस्ट्रॉममध्ये काहीही कमी नव्हते. ठोसा मारणे हीच मर्दुमकी, हे माप कोणी ठरवले? माप ठरवणारे तेच, खेळणारे तेच, आणि निकाल देणारेही तेच. १९७७ साली त्याला सेंट लुईसला पाठवून दिले, पुढे तो स्वीडनला परतला. गंमत अशी की कालांतराने फिलाडेल्फियाच्याच संघाने त्याला खेळाडू पारखण्याच्या कामावर ठेवले आणि त्याच्या पारखीतून पीटर फोर्सबर्गसारखा मोठा खेळाडू १९९१मध्ये त्यांनी निवडला. बोर्येचे कौतुक करताना हामरस्ट्रॉमला विसरणे आम्हांला बरे वाटत नाही.

१९७६ साली पहिली कॅनडा कप स्पर्धा झाली. देशादेशांचे संघ आले. स्वीडनचा एक सामना टोरांटोत, बोर्येच्या रोजच्या मैदानावर. फरक एवढाच की या वेळी त्याच्या अंगात टोरांटोची निळी जर्सी नव्हती, स्वीडनची पिवळी होती. सामन्याआधी एकेका खेळाडूचे नाव पुकारतात. साल्मिंगचे नाव आले आणि मेपल लीफ गार्डन्समधले प्रेक्षक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. परक्या देशाच्या खेळाडूसाठी, त्याच्या परक्या देशाच्या पोशाखात! तीन वर्षांपूर्वी ज्या शब्दात त्याला हिणवत होते, तो ‘स्वीडिश’ हाच शब्द त्याच्या छातीवर होता आणि त्यालाच मान मिळत होता. आम्ही या माणसाबद्दल जे काही वाचले, त्यात हा प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला.

त्याच हंगामात, १९७६–७७मध्ये, त्याने १२ गोल आणि ६६ साहाय्ये मिळून ७८ गुण केले आणि लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. दुसऱ्या ऑल-स्टार संघात तर तो पाच वेळा आला. सर्वोत्कृष्ट बचावपटूला मिळणाऱ्या नॉरिस करंडकासाठी दोन वेळा दुसरा राहिला. करंडक मात्र मिळाला नाही. स्टॅनले कपही कधी नाही. टोरांटोचा संघ त्या काळात कधी बरा, बहुधा रडतखडत. बॅलार्डसारखा लहरी मालक असल्यावर दुसरे काय होणार! तरी बोर्ये सोळा हंगाम तेथेच राहिला.

शरीराने त्याची किंमत मोजली. १९७८च्या बाद फेरीत प्रतिस्पर्ध्याची काठी डोळ्याला लागली आणि उरलेल्या सामन्यांना मुकावे लागले. नोव्हेंबर १९८६मध्ये डेट्रॉइटविरुद्ध गोलासमोर तो खाली पडला असताना दुसऱ्या एका खेळाडूच्या बुटाचे पाते चुकून त्याच्या तोंडावरून गेले. कपाळापासून तोंडापर्यंत चेहरा चिरला. दोनशेहून अधिक टाके पडले. तो चेहरा तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आला होता. लहान मुलांनी पाहू नये असा. बरा झाल्यावर हा गृहस्थ पुन्हा खेळायला हजर.

त्याच वर्षातली एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आपण कोकेन घेतले होते, अशी कबुली बोर्येने १९८६ साली वर्तमानपत्राला दिली. लीगने कारवाई केली आणि त्याला आठ सामने बाहेर बसावे लागले. चूक ती चूकच. पैसा आणि नाव आले की मेजवान्यांतून काय काय पुढ्यात येते, याचे हे उदाहरण. मात्र कोणी पकडले नसताना त्याने स्वतःच्या तोंडाने ते सांगितले, हेही नोंदवले पाहिजे.

४ जानेवारी १९८८ रोजी त्याने हजारावा सामना खेळला. युरोपातून आलेल्या कोणत्याही खेळाडूने त्या लीगमध्ये हजार सामने खेळण्याची ती पहिलीच वेळ. १९८९ साली टोरांटो सोडून एक हंगाम डेट्रॉइटला काढला आणि मग स्टॉकहोमच्या एआयके क्लबात परतला. १९९२च्या अल्बर्टव्हिल हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो चाळिसाव्या वर्षी स्वीडनकडून उतरला.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. खातेवही पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. टोरांटोच्या खात्यावर बोर्येचे १०९९ सामने आहेत. स्वतः मारलेले गोल १४८. दुसऱ्याला पास देऊन घडवलेले ६२०. या दोन आकड्यांतले अंतर पाहा. स्वतःच्या नावावर एक, तर सोबत्याच्या नावावर चार! त्या संघाच्या इतिहासात साहाय्याचा हा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. बचावाला उभ्या राहिलेल्या माणसाने हा विक्रम करावा, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

मानसन्मान पुढे रीतीने आले. १९९६ साली टोरांटोतल्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतले. तेथे पोहोचलेला तो पहिला स्वीडिश खेळाडू. त्याचा २१ नंबर क्लबने २०१६मध्ये कायमचा राखून ठेवला, म्हणजे आता तो कोणाच्या पाठीवर लागणार नाही. खेळ सुटल्यावर त्याने स्वीडनमध्ये आपल्या आडनावाने चक्क अंतर्वस्त्रांचा धंदा काढला आणि तो चांगला चालवला. आपल्याकडच्या एखाद्या नामवंताने असे केले असते तर लोक हसले असते, आम्हीही कदाचित हसलो असतो.

आणि त्याने उघडलेल्या वाटेने किती जण गेले! निकलास लिडस्ट्रॉमने नॉरिस करंडक, जो बोर्येला दोनदा हुलकावणी देऊन गेला, तो सात वेळा घेतला. एरिक कार्लसनने तीन वेळा, व्हिक्टर हेडमनने एकदा. सगळे स्वीडनचे, सगळे बचावपटू. २०१८मध्ये अठरा वर्षांच्या रास्मुस डालिनला नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांत पहिला क्रमांक मिळाला. त्याला घेतले बफेलोने, ज्यांच्याविरुद्ध बोर्ये पहिला सामना खेळला होता. २०२४ साली त्यांनी डालिनला कर्णधारही केले. या पोरांना ‘कोंबडी’ म्हणण्याची आता कोणाची छाती नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये बातमी आली की बोर्येला एएलएस हा आजार झाला आहे. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हात उचलत नाही, बोलता येत नाही, गिळता येत नाही. मेंदू मात्र सगळे जाणत असतो. औषध नाही. दणकट बांध्याचा हा माणूस पाहता पाहता वाळला.

तरी नोव्हेंबरात तो टोरांटोला गेला. स्वीडनहून एवढा प्रवास करून, बायको-मुलांसह. वाचा गेलेली होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते आणि त्याला हात वर करता येत नव्हता. शेजारी त्याचा जुना सोबती डॅरिल सिटलर उभा होता. त्याने बोर्येचा हात धरून वर उचलला. सिटलर रडत होता. १२ नोव्हेंबरच्या सामन्यात टोरांटोच्या प्रशिक्षकाने सुरुवातीला जे सहा खेळाडू बर्फावर पाठवले, ते सहाच्या सहा स्वीडिश होते. गोलरक्षकासुद्धा. बोर्ये आला तेव्हा त्या संघात स्वीडिश दोनच होते, तो आणि हामरस्ट्रॉम.

२४ नोव्हेंबर २०२२ रोजी बोर्ये साल्मिंग वारला. वय ७१ वर्षे.